साडेपाच मीटरचा युरोप

व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाने कॉलेजचं पत्र दोनदा उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे कोण?"

पत्राच्या माथ्यावर, कॉलेजच्या नावापेक्षा मोठा, भाईदास आबांचा रंगीत फोटो होता. डोक्याला फेटा, उजवा हात आशीर्वाद द्यावा तसा वर.

"आमच्या संस्थेचे अध्यक्ष," समाधान सर म्हणाले.

"हेपण जाणार आहेत का?"

"नाही."

"मग यांचा फोटो कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या जिल्ह्यात आजवर कुणी दिलेलं नाही, कारण हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नाही. फोटो असतो. शाळेच्या फाटकावर असतो, वहीच्या पुठ्ठ्यावर असतो, पाण्याच्या टाकीवर असतो. समाधान सर मुंबईच्या त्या गारढोण ऑफिसात उभे राहिले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो फोटो नीट पाहिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "साध्या पत्रावर, अध्यक्षांच्या सहीनिशी, परवापर्यंत आणा." आणि पत्र काचेखालून परत सरकवलं.

समाधान बोरसे हे जळगावच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवत. शिकवत म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत. तास असला की माणूस, तास संपला की कुणी नाही. नऊ वर्षांत त्यांनी शिकवलेली पोरं पुण्या-मुंबईत टॉवर उभे करायला लागली, पण सरांना स्टाफरूममध्ये स्वतःचं कपाट मिळालं नव्हतं. यंदा त्यांनीच खपून शेवटच्या वर्षाची युरोप स्टडी टूर जमवली होती. एकोणीस मुलं-मुली, रोम, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, प्राग आणि मध्ये दोन दिवस मोंतेसोला नावाचं इटलीतल्या डोंगरावरचं एक लहानसं गाव. बाकी शहरं बघायची होती. मोंतेसोलात काम करायचं होतं: गावचा जुना चौक, त्याच्या चारही बाजूंच्या इमारती, कमानी, खिडक्या हाताने मोजायच्या आणि कागदावर जशाच्या तशा उतरवायच्या. आमच्या धंद्यात याला मेजर्ड ड्रॉइंग म्हणतात. आर्किटेक्ट कच्चा की पक्का, ते त्याच्यात कळतं.

आबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "समाधान, चौकना नकाशा चांगला व्हयना म्हंजे प्रदर्शनना दिवशी, त्याच स्टेजवर तुले कायमनी ऑर्डर देस. मी शब्दले पक्का शे."

म्हणजे सरांची नोकरी आता जळगावात नव्हती. ती इटलीतल्या एका चौकात पडून होती, जाऊन मोजून आणायची होती.

आता सही. मे महिना आणि कडक लग्नतिथी. आबांना दुसऱ्या दिवशी धुळ्याकडची सात लग्नं होती. सर मुंबईहून रात्रीच्या गाडीने थेट धुळ्याला उतरले आणि मांडवामागून मांडव धुंडाळत निघाले. प्रत्येक ठिकाणी आबा नुकतेच अक्षता टाकून गेलेले. चौथ्या लग्नात ते पंगतीत सापडले. बिनफोटोचं पत्र पाहून त्यांचा घास हातातच राहिला.

"मना फोटो का काढा रे?"

"आबा, तिकडे चालत नाही."

"अस्सं!" आबा म्हणाले. एवढा मोठा खंड आणि त्यात हे चालत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी उजव्या हाताने जेवत डाव्या हाताने कागद धरला, मग उजव्याने सही केली, आणि सहीच्या बाजूला वरणाचा एक ठसठशीत अंगठा उमटला. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या माणसाने त्या पिवळ्या अंगठ्यावर बोट ठेवून विचारलं, "हा शिक्का आहे?" सर म्हणाले, "हो." अख्ख्या टूरमध्ये ते एवढंच खोटं बोलले. व्हिसा आला.

इकडे पिंप्राळ्यात सरांच्या गल्लीत सल्ल्यांचा पूर आला होता. शेजारचे उखर्डू नाना दीपनगरच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. ते आयुष्यात जिल्ह्याच्या पलीकडे दोनदा गेले असतील, पण परदेशाबद्दल त्यांना शंका म्हणून कसली नव्हती.

"मास्तर, तिकळे भाकर भेटत नाही म्हने."

"नाना, पंधराच दिवस आहेत."

"पंधरा दिवस पाव खाशीन त पोट फुगीन. पीठ ने. आन बॅगीवर ऑइलपेंटानं नाव टाक. मी टाकून देतो."

त्यांनी खरोखरच टाकून दिलं. सरांच्या नव्या बॅगेवर लाल अक्षरात "बोरसे, पिंप्राळा, जळगाव" आलं आणि खाली, जागा उरली म्हणून, एक बाण. बाण कशासाठी, ते नानांनी सांगितलं नाही. पुढे प्रत्येक विमानतळावर सरांची बॅग सगळ्यात आधी ओळखू यायची आणि प्रत्येक विमानतळावर ती उघडूनही बघायचे.

निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजात सत्कार. सगळ्या मुलांना टोपी, उपरणं, नारळ. मुलींची काळजी घ्यायला म्हणून होस्टेलच्या रेक्टर प्रमिलाबाई बरोबर जाणार होत्या. धुळ्याकडच्या, पन्नाशी पार केलेल्या, अंगाने भक्कम आणि तोंडाने त्याहून भक्कम. त्यांना आबांच्या हस्ते साडी.

या साडीबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे. ऑफिसच्या कपाटात तसल्या साड्यांचा गठ्ठाच असे. आबा वर्षातून एकदा सुरतेला जात आणि घाऊक भावाने वर्षभराचे सत्कार घेऊन येत. मोरपंखी रंग, सोनेरी काठ, वर चकचकीत पिशवी, पिशवीवर लेबल: साडेपाच मीटर. आपल्याकडे हिला देण्याघेण्याची साडी म्हणतात. ही साडी कुणी नेसत नाही. ती आज या लग्नात मिळते, उद्या त्या बारशाला जाते, तिथून एखाद्या वास्तुशांतीला, तिथून परत आपल्याच घरी. तिचा जन्म सुरतेला होतो आणि मरण तिला नाही. घडी मोडली की ती पुढे देता येत नाही, म्हणून कुणी घडी मोडत नाही. आणि घडी मोडत नाही म्हणून आत ती किती आहे, हे देणाऱ्याला माहीत नसतं, घेणाऱ्याला तर नसतंच. शिवाय आहेर मोजून घ्यायचा नसतो. ही आपली सभ्यता. या सभ्यतेवर सुरतेत तीन-तीन मजली दुकानं उभी आहेत.

प्रमिलाबाईंनी ती साडी तशीच बॅगेत टाकली. "कोनाना घर गऊत तं हात रिकामा नको," त्या म्हणाल्या.

*

रोम आणि फ्लॉरेन्स ठीक झालं. ठीक म्हणजे मुलांनी फोटो काढले, सरांनी डोकी मोजली. रोममध्ये दोन हजार वर्षांच्या भिंतीला हात लावून सर उभे होते, तेव्हा त्यांना कॉलेजची नवी विंग आठवली. तिचं उद्घाटन अजून व्हायचं होतं आणि गिलावा दोनदा पडून झाला होता. त्यांनी हात काढून घेतला. असली तुलना तासिका तत्त्वावरच्या माणसाने करू नये.

अर्हमचा एक वेगळाच घोळ चालू होता. अर्हम कापडदुकानवाल्यांचा मुलगा, घरी सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. इटलीत उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊला मावळतो, त्यामुळे पोराची खरं तर चंगळ. पण त्याची आई तारादेवी व्हिडिओवर रोज संध्याकाळी सातला जळगावातला मावळता सूर्य दाखवायची आणि म्हणायची, "बेटा, सूरज गया." तेव्हा इटलीत दुपारचे साडेतीन असत. अर्हम निमूटपणे खाकरा खाली ठेवायचा. आईचा सूर्य एकच असतो.

मोंतेसोलाला ते शनिवारी संध्याकाळी पोचले. रविवार मोजायचा, सोमवारी सकाळी सातला पुढची बस. रविवारी सकाळी सर चौकात उभे राहिले आणि म्हणाले, "टेप काढा."

टेपा दोन होत्या, तीस-तीस मीटरच्या. एक हेमांगीकडे दिली होती. हेमांगी बोदवडची, वर्गातली सगळ्यात चांगली ड्रॉइंगवाली, बोलायला कमी. तिने बॅगेच्या तळापर्यंत हात घातला. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, चळत निघाली, शेवेचा डबा निघाला, कळण्याचं पीठ निघालं. टेप निघाली नाही. तिने घरी फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"अगं, ते चक्कर व्हय?" आई म्हणाली. "ते मी काढून ठेवलं. तेवीस किलोच्या वर चालत नाही म्हणाली ना तू? बिबडे बसेनात. ते चक्कर काय तिथं भेटत नाही का?"

समाधान सरांचा चेहरा तापला. त्यांनी चौकाच्या मधोमध, एकोणीस मुलांसमोर, दहा मिनिटं भाषण केलं. खान्देशी आयांची मानसिकता, पोटापलीकडे न जाणारी आपली संस्कृती, शिक्षण आणि बिबडे यांतला फरक. भाषण चांगलं झालं. मग ते म्हणाले, "नशीब समजा, दुसरी टेप मी माझ्याजवळ ठेवलीय," आणि ती बाणवाली बॅग उघडली.

आत, टेपच्या जागी, टेपच्याच आकाराची, टॉवेलात नीट गुंडाळलेली लोणच्याची बरणी होती.

सरांनी पत्नीला फोन लावला. स्पीकर बंद ठेवून.

"दिपमाला, टेप?"

"कपाटावर आहे. काळजी करू नका, हरवली नाही," दिपमाला म्हणाली. "लोणचं सांडलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

सर मुलांकडे वळले. एकोणीस चेहऱ्यांनी हसू गिळलं होतं आणि गिळताना आवाज झाला होता.

बरं, टेप विकत घ्यावी, तर रविवार. तिकडे रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद. शटर अर्धं वर करून मागच्या दाराने देणं वगैरे प्रकार नाही. दीपक नावाचा एक उत्साही मुलगा म्हणाला, "सर, मोबाइलमध्ये मोजायचं ॲप आहे." त्याने चर्चचं दार तीनदा मोजलं. एकदा चार मीटर आलं, एकदा साडेसहा आणि तिसऱ्यांदा मोबाइल म्हणाला, जमीन सापडत नाही. कुणीतरी फूटपट्टी काढली. तीस सेंटिमीटरच्या पट्टीने अख्खा चौक मोजायचा, तर पुढच्या वर्षीच्या बॅचनेच पूर्ण केला असता.

तेव्हा चर्चच्या पायरीवर बसलेल्या प्रमिलाबाई उठल्या. "येडासारखं काय उभं ऱ्हायनात? साडी घ्या ना. साडीवर माप छापेल शे."

सगळ्यांनी त्यांच्या अंगावरच्या साडीकडे पाहिलं.

"अंगवरनी नही रे! आबासनी देयेल. तशी बी ती कोन नेसस?"

त्यांनी बॅगेतून मोरपंखी साडी काढली. पिशवी फाडली. सुरतेचा तो खास वास इटलीच्या हवेत पसरला. सरांनी लेबल वाचलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. साडेपाच मीटर. छापील.

अर्हमने साडीचा पदर दोन बोटांत धरून चोळला आणि चेहरा पाडला. "सर, ही देण्याघेण्याची आहे."

"मग?"

"दुकानात ही आम्ही मोजून देत नाही सर, नगावर देतो. एकदा पट्टीने मोजून घेऊ. दहा मिनिटं लागतील."

खरं तर तिथेच सगळं मिटलं असतं. दहा मिनिटं. पण सरांचं नुकतंच लोणचं निघालं होतं, आणि अशा वेळी माणसाला कुणाचं ऐकणं परवडत नाही. शिवाय दुसरंही एक होतं. सत्काराची साडी, अध्यक्षांच्या हातची, आणि ती पट्टी लावून मोजायची? नऊ वर्षं आबांसमोर मान खाली घालून माणसाच्या मानेला एक वळण पडतं. ते इटलीत जाऊनही सुटत नाही.

"आहेर मोजतात का रे, अर्हम?" सर म्हणाले. "लेबल आहे ना? चला, धरा पदर."

अर्हमने पदर धरला. दुकानदाराचं पोर गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही, मास्तरशी तर नाहीच.

आणि मग मोजणी सुरू झाली. दोघींनी साडीची टोकं धरायची, ती जमिनीवर पसरायची, टोकाला खडूची रेघ, पुढची साडी. "ताणू नका! ताणू नका!" सर ओरडायचे. अर्हमने घड्या घालून अर्धी साडी, पाव साडी, अर्धपाव साडी अशा खुणा करून दिल्या. खिडक्यांची रुंदी पाव साडीत, कमानी दीड साडीत. नगरपालिकेच्या इमारतीची उंची काढायला दीपकने वरच्या गच्चीवरून साडी सोडली, तेव्हा तो मोरपंखी पदर सोनेरी काठासकट दगडी भिंतीवरून असा खाली आला, की क्षणभर सरांनाही वाटलं, आपला देश काही वाईट नाही.

एवढ्यात चर्चमधली प्रार्थना सुटली आणि गाव बाहेर आलं. म्हातारी माणसं कडेला अदबीने उभी राहिली. एका आजोबांनी हॅट काढून साडीचं एक टोक आपणहून धरलं. मग गावचा पोलीस आला. त्याने मोबाइलमध्ये काहीतरी बोलून मोबाइल दीपकसमोर धरला. मोबाइल मराठीत म्हणाला, "ही आज कोणत्या संताची मिरवणूक आहे? परवानगी कुठे आहे?"

दीपक म्हणाला, "भाईदास."

पोलिसाने टोपी काढली. तरी फॉर्म भरून घेतलाच. एक पान, दोन प्रती. प्रमिलाबाईंनी त्याला तळलेला बिबडा दिला. त्याने तो आधी व्हिसाच्या खिडकीतल्या माणसासारखाच दोन बाजूंनी पाहिला, मग खाल्ला, मग आणखी एक मागितला, आणि वाहतूक अडवायला स्वतः उभा राहिला. गावात वाहतूक म्हणजे एक सायकल होती.

संध्याकाळपर्यंत चौक मोजून झाला. बारा साड्या आणि वर पाऊण साडीला किंचित कमी. म्हणजे सत्तर मीटर. रुंदी नऊ साड्या आणि वर एक हात. म्हणजे पन्नास मीटर. मुलांनी चौकाच्या कोपऱ्यातल्या पितळी पाटीखाली ग्रुप फोटो काढला. सर दमून पायरीवर बसले होते. हेमांगी शेजारी बसून वहीत आकडे पुन्हा तपासत होती.

"सर, बरोबर येतंय. एकही कोन चुकत नाही."

"येणारच," सर म्हणाले. नऊ वर्षांत ते इतक्या शांतपणे कधी बसले नव्हते.

साडी मात्र परत आली नाही. ते उतरले होते त्या घराची मालकीण एक म्हातारी बाई होती. प्रमिलाबाई तिच्याशी दोन दिवस अहिराणीत बोलल्या, ती यांच्याशी इटालियनमध्ये बोलली, आणि दोघींनी मिळून एकदा वांगंही भाजलं. निघताना प्रमिलाबाईंनी धूळ झटकून, घडी घालून, साडी तिच्या हातात ठेवली. म्हातारीने ती तिथल्या तिथे खिडकीला लावून पाहिली. पडद्याला पुरेपूर झाली.

*

ऑगस्टमध्ये प्रदर्शन. हॉल भरलेला, मागे पालक, पुढे पत्रकार. हेमांगीने दोन महिने रात्रंदिवस बसून केलेले बारा नकाशे भिंतीवर. काळ्या शाईची एकेक रेघ अशी की हात लावावासा वाटावा. पाहुण्या होत्या विधी कोटेचा, मूळ बोदवडच्या, आता पुण्यात मोठं नाव असलेल्या आर्किटेक्ट. आबांनी त्यांचा सत्कार केला: नारळ, पुष्पगुच्छ आणि साडी. मोरपंखी, सोनेरी काठ, वर लेबल. मॅडमनी ती रिवाजाप्रमाणे मांडीवर ठेवली. आबांसमोर टेबलावर एक पांढरा लिफाफा होता, त्यावर "श्री. समाधान बोरसे" आणि खाली लाल शाईत "कायम नियुक्ती". दिपमाला तिसऱ्या रांगेत नवी साडी नेसून बसली होती. उखर्डू नाना तिच्या शेजारी, त्यांना कुणी बोलावलेलं नसताना.

विधी मॅडम उठून भिंतीपाशी गेल्या. एकेक नकाशा बघायला त्यांनी वेळ लावला. मग हसत विचारलं, "हे कुणी काढलंय?"

हेमांगी उभी राहिली.

"सुरेख काढलंय. पण बाळा, चौक सत्तर मीटर कसा?"

"मोजलाय मॅडम."

"तुमच्याच फोटोत मागे पाटी आहे, बघ." मॅडमनी ग्रुप फोटोवर बोट ठेवलं. सगळ्या मुलांच्या डोक्यावर ती पितळी पाटी स्वच्छ दिसत होती. "त्यावर लिहिलंय. लांबी त्रेसष्ट, रुंदी पंचेचाळीस."

दिवसभर त्या पाटीसमोरून साडी ओढत एकोणीस जण गेले होते, आणि पाटी परक्या भाषेत आहे म्हणून त्यातले आकडेही कुणी वाचले नव्हते.

आबा खुर्चीतून वाकून स्टेजवर शेजारी बसलेल्या सरांच्या कानाशी आले. "पोरीले सांग, चुकनं म्हन. दोन मिनिटमा विषय खलास. मंग लिफाफा देस."

सरांनी हेमांगीकडे पाहिलं. तिने स्वतःच्या नकाशाकडे असं पाहिलं, जसं आपलंच माणूस चारचौघांत खोटं ठरल्यावर पाहतात. मग तिने मान खाली घातली. आणि ती मान सरांना ओळखीची वाटली. नऊ वर्षांची ओळख होती तिच्याशी.

मॅडम अजून नकाशासमोरच होत्या. "गंमत म्हणजे कोन बरोबर आहेत," त्या म्हणत होत्या. "कमानींचं प्रमाण बरोबर, खिडक्यांचं बरोबर. फक्त सगळंच्या सगळं सारखंच मोठं झालंय, नऊला दहा. हातून चूक झाली तर ती अशी एकसारखी होत नाही. मोजणारे बरोबर आहेत, मापच खोटं आहे. सर, टेप कोणती होती?"

"टेप नव्हती मॅडम," समाधान सर म्हणाले. "साडी होती."

"साडी?"

"आत्ता तुमच्या खुर्चीवर ठेवलीय ना, तसलीच."

सरांनी हे साध्या आवाजात सांगितलं, पण माइक चालू होता. आबांनी लिफाफा टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

अर्हम कधी स्टेजवर आला ते कळलं नाही. त्याच्या हातात टेप होती. त्याने मॅडमची परवानगी घेतली, पिशवी फाडली आणि साडी झटकली. हॉलमधल्या बायकांनी एकदम श्वास आत ओढला. त्यांनी तसल्या साड्या शंभर घेतल्या होत्या आणि शंभर दिल्या होत्या. घडी मोडलेली आज पहिल्यांदा पाहत होत्या. अर्हमने दुकानातल्यासारखी दोन्ही टोकं जुळवली, टेबलावर टेप सोडली, आणि वाचलं.

"चार मीटर पंच्याण्णव."

"परत मोज," आबा म्हणाले.

"चार पंच्याण्णव, आबा. पंचावन्न सेंटिमीटर कमी."

दीपकने मोबाइल काढला. "सर! पावणेतेरा साड्या गुणिले चार पंच्याण्णव... त्रेसष्ट येतंय! बरोब्बर त्रेसष्ट!"

मागच्या रांगेतून आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग अख्ख्या बायकांच्या बाजूने हसण्याची लाट आली, आणि ती मजेची नव्हती. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या कपाटात पंचावन्न सेंटिमीटर कमी पडून होते. प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. "आबा, मना कपाटमा अश्या अकरा शेतस. बठ्ठ्या आनू का?"

"मले सुरतवालानी फसाडं!" आबा ओरडले. पण पत्रकारांनी मोबाइल वर केलेले दिसताच आबांमधला पुढारी जागा झाला. ते उठले, माइक हातात घेतला, दुसऱ्या हाताने सरांना जवळ ओढलं. "बंधूंनो आणि भगिनींनो! खरं बोलायला छाती लागते. असाच माणूस आमच्या संस्थेला पाहिजे!" आणि लिफाफा सरांच्या हातात ठेवून, दोघांचे हात वर करून, फोटो होईपर्यंत खाली येऊ दिले नाहीत. टाळ्या पडल्या. उखर्डू नाना खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते. हेमांगीला पहिलं बक्षीस मिळालं, मॅडमनी तिच्या नकाशाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "माप: सत्काराची साडी." दिपमाला डोळे पुसत होती.

कार्यक्रम संपल्यावर सर ऑफिसात गेले. ऑर्डर मिळाल्याची नोंद रजिस्टरात करायची असते. हेडक्लार्क रतिलाल यांनी रजिस्टर उघडून पुढे सरकवलं, बोट ठेवलं. "इथं 'मिळाली' लिहा आणि सही करा."

सरांनी पेन उचललं. मग ठेवलं. लिफाफा फाडला.

"सर, घरी जाऊन उघडा ना," रतिलाल म्हणाले.

सरांनी कागद उलगडला. वर आबांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: सदर नियुक्ती अकरा महिन्यांसाठी.

"रतिलालभाऊ, लिफाफ्यावर कायम लिहिलंय."

"लिफाफ्यावर असतंच सर." रतिलाल अवघडून रजिस्टरची कड नीट करत राहिले. "सगळ्यांच्याच लिफाफ्यावर असतं. आत अकरा महिनेच असतात. आजवर कुणी इथं उभं राहून उघडला नाही, एवढंच. लिहा सर. सगळे 'मिळाली'च लिहितात."

सरांनी रजिस्टरची पानं मागे उलटली. मिळाली, सही. मिळाली, सही. नऊ-दहा वर्षांची पानं, त्यातल्या चार ओळींवर, तासिकांच्या ऑर्डरींपुढे, त्यांचंच अक्षर. बाहेर हॉलमध्ये खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता आणि आबा कुणाला तरी फोनवर सांगत होते, पुढच्या वर्षी पॅरिस.

समाधान सरांनी पान परत पुढे आणलं आणि ठळक अक्षरात लिहिलं:

"मोजून घेतली. कमी भरली."

आणि खाली पूर्ण सही केली, आडनावासकट.